तीन बोटे तोंडात जात नाहीत

खतावणी (धागाकर्ता), सोमवार, रात्री १०.४०

गेल्या बुधवारी उजवीकडची खालची दाढ ठणकू लागली म्हणून घराजवळच्या दंतवैद्यांकडे गेलो होतो. त्यांनी छोटा आरसा आत सरकवण्याचा प्रयत्न केला, मग हात थांबवला आणि दाढेविषयी काहीच न बोलता मला सांगितले की स्वतःच्या हाताची मधली तीन बोटे एकावर एक उभी धरून पुढच्या दातांच्या मध्ये घालून दाखवा. मला दोन बोटेसुद्धा नीट घालता आली नाहीत. त्यांनी पट्टी लावून अंतर मोजले, ते २४ मिलिमीटर भरले. दाढेचे काम तिथेच राहिले, कारण एवढ्या फटीतून चिमटा मागच्या दाढेपर्यंत नेणे अवघड होते.

माझे वय ४६ असून अक्कलकोट रस्त्यावरील एका टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब लिहितो. मावा खाण्याची सवय चौदा वर्षांची आहे. ज्यांना मावा ठाऊक नसेल (सोलापुरात असे कोणी सापडणे कठीण, पण येथे बाहेरगावचे वाचकही आहेत) त्यांच्यासाठी सांगतो. टपरीवाला कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या जाड कागदावर घेऊन तळहाताने घोटतो, सुपारीला चुना सगळीकडून लागून ती तांबूस झाली की पुडी बांधून हातात देतो. मग दिवसभर पुडी खिशात आणि त्यातली चिमूट डाव्या गालात. माझ्या रोज सहा-सात पुड्या होत असत. हिशेबनीस असूनही हा एक हिशेब मी कधी मांडला नव्हता.

आता आठवू लागलो की लक्षात येते, सुरुवात दोन-अडीच वर्षांपूर्वीच झाली होती. शेंगाची चटणी झोंबू लागली. आमच्या घरी चटणी-भाकरीशिवाय ताट वाढले जात नाही, त्यामुळे यंदाचे तिखटच जहाल आले आहे असे मी पत्नीला सुनावले. तिने बिचारीने चटणीत तिखट निम्मे घातले, तरीही झोंबायचे ते झोंबतच राहिले, आणि त्याच वाटीतली चटणी मुलांना मात्र मिळमिळीत लागत होती. पुढे कडक भाकरी आमटीत भिजवल्याशिवाय खाता येईना. यंदा गड्ड्याच्या यात्रेत पाणीपुरीची पुरी अख्खी तोंडात गेली नाही, तेव्हा ती हातातच फोडून खाल्ली आणि वरून स्वतःच हसलो.

दंतवैद्यांनी गालाच्या आतल्या त्वचेचा तुकडा काढून तपासायला पाठवायचे आहे असे सांगितले असून पुढच्या सोमवारची वेळ दिली आहे. तोवर जाणकारांना विचारावेसे वाटते की हा कर्करोगच आहे का, उघडायचे बंद झालेले तोंड पुन्हा उघडते का, आणि तंबाखू सोडून नुसती भाजकी सुपारी चघळली तर चालेल का. शेवटचा प्रश्न वाचून काही जण हसतील, पण सध्या माझे सगळे लक्ष त्याच प्रश्नात अडकले आहे.

दंतकथा, सोमवार, रात्री ११.५५

खतावणी साहेब, मी दंतवैद्य आहे. येथे बसून निदान करता येणार नाही आणि करूही नये, पण आपण जे लिहिले आहे ते आम्ही रोज पाहतो. तिखट झोंबणे, गालाची आतली त्वचा पांढरट व ताठ होणे, बोट फिरवले तर कातडीखाली दोऱ्यासारखे पट्टे लागणे आणि तोंड हळूहळू मिटत जाणे, या अवस्थेला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. हा कर्करोग नव्हे. ही कर्करोगापूर्वीची अवस्था मानली जाते, म्हणजे अशा तोंडात पुढे कर्करोग होण्याची शक्यता निरोगी तोंडापेक्षा बरीच जास्त असते. अशा रुग्णांच्या गटावर भारतात १७ वर्षे लक्ष ठेवण्यात आले तेव्हा त्यांतील ७.६ टक्के लोकांना कर्करोग झालेला आढळला. शंभरातील सात-आठ हा आकडा ऐकून काही रुग्ण निश्चिंत होतात, काहींची झोप उडते. माझ्या मते त्याचा अर्थ एवढाच की दर तीन महिन्यांनी तोंड दाखवायला येणे चुकवू नये.

आपल्या तिसऱ्या प्रश्नाला हसण्याचे कारण नाही, कारण अर्धे सोलापूर तोच प्रश्न विचारते. या विकारात तोंड मिटण्याला मुख्यतः सुपारी कारणीभूत आहे, तंबाखू नव्हे. सुपारीतील अरेकोलीन हे द्रव्य गालाच्या आतील पेशींना कोलॅजनचे तंतू जास्त बनवायला लावते आणि सुपारीतले तांबे व टॅनिन त्या तंतूंना इतके पक्के करतात की शरीराला ते मोडून काढता येत नाहीत. विणकराच्या भाषेत सांगायचे तर ताणा-बाणा भरत राहतो आणि उसवणे बंद होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखू घातलेला विडा कर्करोगकारक असल्याचे १९८५ सालीच म्हटले होते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात तिने बिनतंबाखूचा विडा आणि नुसती सुपारी यांनाही त्याच पहिल्या गटात बसवले. भाजलेली, चिकणी, गोड, वेलदोडा लावलेली, कोणतीही सुपारी असली तरी ती सुपारीच आहे.

तंबाखूचे काम निराळे आहे. पान वाळवताना आणि मुरवताना त्यात नायट्रोसामाइन नावाची द्रव्ये तयार होतात, आणि ती पेशींच्या गुणसूत्रांवर थेट आघात करतात. चुना कशाला लावतात हे आपल्याला वडीलधाऱ्यांनी कधी सांगितले नाही, ते असे आहे की चुन्याच्या क्षारतेमुळे निकोटीन मोकळे होऊन गालातून झपाट्याने रक्तात उतरते, म्हणून चुन्याशिवाय तलफ भागत नाही. तोच चुना रोज त्याच जागेची त्वचा भाजून काढतो. म्हणूनच आपल्याकडे तोंडाचा कर्करोग बहुतेकदा गाल आणि खालची हिरडी यांच्यामधल्या खोबणीत होतो, म्हणजे जिथे बार भरला जातो नेमका तिथे.

तोंड पुन्हा उघडते का, याचे प्रामाणिक उत्तर असे आहे की सवय थांबवली तर विकाराची वाढ थांबू किंवा मंदावू शकते, पण जमलेले तंतू सहसा आपोआप विरघळत नाहीत. आम्ही गालात इंजेक्शने देतो आणि लाकडी चमचे दातांमध्ये एकावर एक रचत नेण्याचा व्यायाम शिकवतो. आइस्क्रीमच्या कपाबरोबर मिळणारे चपटे चमचे त्याला उत्तम. आज सात बसले तर पंधरवड्यात आठ बसावेत, एवढेच उद्दिष्ट ठेवायचे. तोंड फारच मिटलेले असेल तर शस्त्रक्रिया करावी लागते, आणि तीही व्यायाम चालू ठेवला तरच टिकते.

कडक_भाकरी, मंगळवार, सकाळी ७.१५

माझ्या मेहुण्याच्या गालात आतून पांढरा चट्टा आहे. त्याला दुखत नाही, जळजळही होत नाही, त्यामुळे "दुखले की जाऊ" असे तो म्हणतो. त्याला काय सांगावे?

दंतकथा, मंगळवार, सकाळी ८.०५

त्याला सांगा की सुरुवातीचा कर्करोगही बहुधा दुखत नाही. स्वच्छ कापडाने पुसून जो पांढरा चट्टा निघत नाही तो दाखवायलाच हवा. लाल मखमलीसारखा चट्टा असेल तर तो पांढऱ्यापेक्षा अधिक धोक्याचा असतो, आणि लोक नेमका तोच "उष्णता झाली" म्हणून सोडून देतात. तोंडातली कोणतीही जखम दोन आठवड्यांत भरली नाही, एखादा दात कारण नसताना हलू लागला, जीभ बाहेर काढताना एका बाजूला ओढली जाऊ लागली किंवा मानेत न दुखणारी गाठ लागली, तर वाट पाहू नये. एक दिलासा मात्र द्या. तंबाखू ठेवण्याच्या जागची त्वचा नुसतीच जाड व सुरकुतलेली झाली असेल, तर सवय सोडल्यावर काही आठवड्यांत ती पूर्ववत झालेली मी अनेकदा पाहिली आहे.

कंबरतलाव, मंगळवार, सकाळी ११.३०

सर्वांचा आदर राखून एक वेगळे मत मांडतो. आमचे आजोबा गिरणीत जॉबर होते. त्यांच्या कमरेला चंची आणि चुन्याची डबी शेवटपर्यंत होती, ते ८९ वर्षे जगले आणि त्यांचे दात माझ्यापेक्षा बरे होते. पूर्वीचा तंबाखू शुद्ध होता, आता मावा-गुटख्यात काय काय मिसळतात कोणास ठाऊक. लोक तर काचेचा भुगा असतो असेही म्हणतात. माझ्या मते दोष तंबाखूचा नसून भेसळीचा आहे. शिवाय दाढ दुखत असताना चिमूटभर तंबाखू दाबून धरली की कळ थांबते, हा अनुभव खोटा कसा म्हणावा?

आकडेमोड, मंगळवार, दुपारी १.२०

कंबरतलाव, आपल्या आजोबांविषयी शंका नाही. तंबाखू खाणाऱ्या प्रत्येकाला कर्करोग होतो असे कोणीच म्हणत नाही. पण त्याच गिरणीतले जे सहकारी पन्नाशीच्या आत गेले त्यांचे नातू त्यांच्या आठवणी सांगायला येथे येत नाहीत, कारण अनेकांनी आजोबांना पाहिलेलेच नसते. उरलेल्यांकडे पाहून गेलेल्यांचा अंदाज बांधता येत नाही. "शुद्ध" या शब्दाबद्दल दंतकथा यांनी वर लिहिलेच आहे: नायट्रोसामाइन बाहेरून कोणी मिसळत नाही, ती त्या पानातच तयार होतात.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. त्यात ओढणारे ३.८ टक्के आणि धूरविरहित वापरणारे, म्हणजे खाणारे, चघळणारे, मिश्री लावणारे, तब्बल २४.४ टक्के होते (काही जण दोन्ही करतात). म्हणजे आपल्या राज्यात तंबाखूची मुख्य जागा फुप्फुस नसून तोंड आहे, आणि तरीही जनजागृती म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर सिगारेटवर मारलेली फुली येते. कर्करोगाच्या २०२२ च्या जागतिक अंदाजांत भारतात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे वर्षाला सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ८० हजार मृत्यू दाखवले आहेत. भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे.

याच विषयातली दुसरी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन केवळ उजेडात तोंडे तपासली. त्याचे निष्कर्ष २००५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्यांमध्ये या तपासणीमुळे तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले होते. यंत्र नाही, रक्त तपासणी नाही, नुसते डोळे.

दंतकथा, मंगळवार, दुपारी ३.००

दाढेविषयी थोडे लिहितो. तंबाखूने कळ कमी झाल्यासारखी वाटते हे खरे आहे, आणि कित्येकांची, विशेषतः बायकांची, सवय तिथूनच सुरू होते. पण कळ दबली तरी कीड पुढे जातच राहते. जिथे चिमूट दाबली जाते तिथली हिरडी दातापासून खाली सरकते, दाताचे मूळ उघडे पडते आणि मुळाला आवरण नसल्यामुळे तिथे कीड फार लवकर लागते. सुपारी चावून दातांचे माथे सपाट झालेले असतात ते वेगळेच. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये आणखी एक फसवणूक होते: निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, हिरडीतून रक्त येत नाही, आणि रक्त येत नाही म्हणजे हिरडी ठणठणीत आहे असे रुग्णाला वाटते, तर आत हाड झिजत असते. दात काढल्यावरची जखमही अशा लोकांत उशिरा भरते. आजोबांचे दात चांगले होते असे कंबरतलाव म्हणतात, ते असतीलही. त्यांच्या हिरड्या कोणी पाहिल्या होत्या का, हे मात्र विचारावेसे वाटते.

सूप_आणि_कात्री, मंगळवार, रात्री ९.५०

हा धागा मी आईला वाचून दाखवला. ती ३१ वर्षे विड्या वळते आहे. आमच्या घरी तेलुगू बोलतात, त्यामुळे मला वाक्यावाक्याला थांबून अर्थ सांगावा लागला, आणि मध्येच ती म्हणाली, "मी कुठे तंबाखू खाते?" हे ती मांडीवर तंबाखूचे सूप घेऊन, हाताने विडी वळत म्हणत होती. सकाळ-संध्याकाळ मात्र ती मिश्री लावते.

ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, घरभर तो खवखवणारा धूर पसरतो, मग ती कुटून डबीत भरायची आणि बोटाने दातांना लावायची. आमच्या गल्लीतील बायका याला "दात घासणे" म्हणतात, व्यसन म्हणत नाहीत. सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा, कामाचा कंटाळा आला की एकदा. घरात कोणाच्या हाती तंबाखूची पुडी दिसली तर आई आकांडतांडव करते, पण मिश्रीची डबी देवळीत अगरबत्तीच्या शेजारी असते. बाळंतपणातही तिने ती सोडली नव्हती. मुंबईत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या गर्भवतींच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले होते, हे मी परिचारिकेच्या अभ्यासक्रमात शिकले. माझे स्वतःचे जन्माचे वजन दोन किलोच्या आतले होते. त्याचे कारण मिश्रीच होती असे मी म्हणू शकत नाही, पण तो धडा शिकताना पुस्तक मिटून काही वेळ बसले होते.

सोलापुरात हा विषय काढणे अवघड का जाते, ते बाहेरच्यांना कळणार नाही. तेंदूची पाने रात्री भिजवायची, पहाटे पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापायची, दिवसभरात हजार विड्या वळून दोऱ्याने बांधायच्या, आणि कारखान्यात नेऊन दिल्या की त्यातल्या काही नापास होऊन परत यायच्या, यावर माझे शिक्षण झाले. १९६६ च्या विडी कामगार कायद्यामुळे जे काही मिळाले ते मिळाले, कुंभारीच्या वसाहतीत दहा हजार विडी कामगार बायकांना घरे मिळाली त्यात आमच्या मावशीचेही आहे. त्या घरात बसून तंबाखू वाईट म्हणताना माझी जीभ अडखळते. तंबाखूची धूळ नाकातोंडात जाऊन आईला खोकला आहे, डोळे चुरचुरतात, तरी ती काम सोडा म्हणणाऱ्याला दारात उभे करत नाही. मी फक्त मिश्रीविषयी बोलायचे ठरवले आहे. काल तिचे तोंड मोबाईलच्या उजेडात पाहिले. खालच्या पुढच्या चार दातांची मुळे उघडी आहेत, चट्टा दिसला नाही. तिची तीन बोटे आत जातात.

दंतकथा, मंगळवार, रात्री १०.३०

ताई, आपण योग्य तेच केलेत. पुढच्या वेळी चमच्याच्या दांड्याने गाल बाहेर ओढून गाल व हिरडीमधली खोबण शेवटच्या दाढेपर्यंत पाहा, जीभ कापडात धरून दोन्ही कडा पाहा आणि जीभ टाळूला लावायला सांगून खालची जागा पाहा. मिश्री भाजलेली असते, त्यामुळे तंबाखूतल्या द्रव्यांच्या जोडीला जळक्या पदार्थांतली कर्करोगकारक द्रव्येही तीत येतात. मुळे उघडी पडली आहेत तर मऊ ब्रश आणि साधी पेस्ट द्या. "काळ्या मंजनाशिवाय दात साफ वाटत नाहीत" असे त्या म्हणतील, सगळ्याच म्हणतात.

वडिलांचा_डबा, बुधवार, सकाळी ६.४०

खतावणी साहेब, सोमवारी तुकडा काढू द्या. एवढेच सांगण्यासाठी खाते उघडले आहे.

माझ्या वडिलांच्या डाव्या गालात जखम झाली तेव्हा एका डॉक्टरांनी कवळी घासते असे सांगून चार महिने जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि मलम दिले. नंतर दुसऱ्यांनी तुकडा तपासायला सांगितले, तर आमच्या भावकीने "सुरी लावली की तो पसरतो" म्हणून अडवले. मग झाडपाल्यात आणखी तीन महिने गेले. तुकडा काढल्याने कर्करोग पसरत नाही, तो त्या सात महिन्यांत आपोआप पसरला. जखम जेव्हा नखाएवढी होती तेव्हा उपचार झाले असते तर कदाचित गालाचा तुकडा काढून भागले असते. प्रत्यक्षात खालच्या जबड्याचे अर्धे हाड आणि मानेतल्या गाठी काढाव्या लागल्या.

उपचार बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात झाले. आपल्यापैकी कित्येकांना ठाऊक नसेल की भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली याच बार्शीत सुरू झाली. आपल्या जिल्ह्यातले लोक मुंबईच्या गाडीत बसण्यापूर्वी तिकडे जाऊ शकतात. खर्चाचा मोठा भाग महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून झाला. त्यासाठी शिधापत्रिका आणि आधार यांवरची नावे जुळत असल्याची आधीच खात्री करून घ्या, आमचे चार दिवस एका वेलांटीपायी गेले.

काढलेल्या गालाच्या जागी छातीचे मांस कातडीसकट वळवून शिवले होते. छातीवर केस होते, ते पुढे तोंडाच्या आत उगवू लागले. शेक (किरणोपचार) सुरू झाल्यावर ते गळाले. शेक सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस. त्याआधी त्यांचे उरलेले किडके दात काढून टाकले, कारण शेक दिलेल्या हाडातला दात नंतर काढला तर जखम भरत नाही आणि हाड कुजू शकते. दोन महिने नाकातल्या नळीतून पातळ पेज दिली. आता ते ज्वारीची आंबील आणि मऊ भात खातात. लाळ सुटत नाही म्हणून पाण्याची बाटली कायम हातात असते. कोणाच्या लग्नाला जात नाहीत, कारण पंगतीत जेवताना अन्न ओठातून बाहेर येते आणि ते त्यांना कळत नाही. या शनिवारी शस्त्रक्रियेला तीन वर्षे पूर्ण होतात.

कंबरतलाव, बुधवार, सकाळी ९.१०

काल लिहिताना मी जरा हट्टाने लिहिले. रात्री आरशासमोर तीन बोटांचा प्रयोग करून पाहिला, बोटे गेली. परंतु डाव्या खालच्या हिरडीजवळ त्वचा पांढरी आणि घडीघडीची दिसते आहे. दंतकथा साहेब, आपण कोणत्या भागात बसता ते व्यक्तिगत निरोपात कळवावे.

खडू_फळा, बुधवार, दुपारी ४.४५

मी माध्यमिक शाळेत शिकवतो. राज्यात गुटखा व पानमसाल्यावर जुलै २०१२ मध्ये बंदी आली, पुढे सुगंधी तंबाखू आणि माव्यालाही ती लागू झाली. प्रत्यक्षात टपरीवर दोन पुड्या जोडीने मिळतात, एकीत मसाला आणि दुसरीत तंबाखू, आणि आठवीतला मुलगासुद्धा त्या दातांनी फाडून तळहातावर एकत्र करतो. २००३ च्या कायद्याप्रमाणे शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत विक्री करता येत नाही. लांब उडीची टेप घेऊन मी मुलांसह आमच्या फाटकापासून मोजले, तर पहिली टपरी ३८ मीटरवर निघाली. संबंधितांकडे अर्ज दिला आहे. टपरीवाला आमचाच माजी विद्यार्थी आहे आणि मला पाहिले की नमस्कार करतो.

मुलांमध्ये तंबाखूपेक्षा गोड सुपारीची पाकिटे अधिक चालतात. दंतकथा यांचा सुपारीविषयीचा मजकूर मी उद्या नववीच्या वर्गात वाचून दाखवणार आहे.

अकरावा_महिना, बुधवार, रात्री ८.२०

खतावणी साहेब, मी अकरा महिन्यांपूर्वी तंबाखू सोडली, त्याआधी चार वेळा सोडून पुन्हा धरली होती. पहिले तीन दिवस सर्वांत वाईट जातात. डोके दुखते, चिडचिड होते, पोट साफ होत नाही, आणि पोट साफ होत नाही याच कारणासाठी निम्मे लोक चौथ्या दिवशी पुन्हा बार भरतात. मी सकाळी कोमट पाणी आणि रात्री इसबगोल घेतले. दोन ते चार आठवड्यांत हा त्रास बराच ओसरतो. एकेक तलफ काही मिनिटेच टिकते, तेवढा वेळ मी मोटारसायकलची चावी घेऊन जिना उतरून परत चढत असे. शेजाऱ्यांना वाटले, माझे काहीतरी हरवले आहे.

निकोटीनचा च्युइंगम मला उपयोगी पडला, पण तो साध्या च्युइंगमसारखा चघळायचा नसतो. थोडा चावायचा, जीभ चुरचुरली की गालात ठेवून द्यायचा. आपले तोंड २४ मिलिमीटरच उघडते तर चावण्याचा आग्रह नको, डॉक्टरांना निकोटीनच्या पट्टीविषयी विचारा, ती दंडावर चिकटवतात. तंबाखूच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक मी दोनदा लावला होता. पलीकडच्या बाईंनी उपदेश केला नाही, सकाळची पहिली चिमूट उठल्यावर किती मिनिटांनी घेता एवढेच विचारले. मी खरे उत्तर दिले, पाच मिनिटांनी, आणि सवय किती खोल गेली आहे ते मला स्वतःलाच त्या वेळी कळले.

खतावणी (धागाकर्ता), पुढचा सोमवार, संध्याकाळी ७.३०

आज तुकडा काढला. भूल दिल्यामुळे दुखले नाही, एक टाका पडला आहे. अहवाल आठ दिवसांनी मिळेल. दंतवैद्यांनी दोन्ही गालांत आतून बोट फिरवून पट्टे कुठून कुठे गेले आहेत ते कागदावर काढून दाखवले. तो कागद मी वहीत ठेवला आहे.

मावा बुधवारी रात्रीपासून बंद आहे. तिसऱ्या दिवशी कारखान्यात एका बिलावर दोनदा शून्य जास्त लिहिले आणि मालकांशी विनाकारण वाद घातला, नंतर कारण सांगितले तेव्हा ते म्हणाले की आठवडाभर बिले मी तपासून घेईन. भाजकी सुपारी आणलेली नाही. बडीशेप खातो, तीही सध्या झोंबते. आइस्क्रीमचे चमचे पत्नीने समोरच्या दुकानातून पन्नास आणून ठेवले. आज सहा बसतात, सातवा अर्धा शिरून अडकतो.

वडिलांचा_डबा यांचा प्रतिसाद आमच्या खात्यातील एका मागवाल्याला मी जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवला. त्याच्या जिभेच्या कडेला तीन महिन्यांपासून जखम आहे आणि तो रोज तिच्यावर हळद लावतो. तो काही बोलला नाही, डबा मिटून उठून गेला. संध्याकाळी सुटताना फाटकाजवळ थांबला होता, आणि बार्शीची पहिली गाडी स्थानकावरून किती वाजता सुटते ते त्याने विचारले. गुरुवारी त्याची पाळी बदलून घेतली आहे, मीही रजा टाकली आहे. वडिलांचा_डबा, शिधापत्रिकेची मूळ प्रत लागते की झेरॉक्स चालते, तेवढे उद्यापर्यंत कळवावे.